मिशनचं बोलावणं आल्यावर: प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात जाणाऱ्यांसाठी

मिशनचं, म्हणजे आपल्या मंडळीच्या धर्मप्रसाराच्या सेवेचं, बोलावणं हातात पडलंय, तारीख ठरलीय आणि आता नेमकं काय करायचं हे कुणाला विचारावं कळत नाहीये, अशा मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे ब्रांच, म्हणजे सभासदांचा स्थानिक गट, लहान. मिशन करून आलेले एल्डर आणि सिस्टर (मिशनरी मुलं आणि मुली) मोजकेच, आणि त्यातलेही बरेच जण नोकरीसाठी दुसऱ्या गावी. अमेरिकेतल्या युटामधल्या मुलाचा मोठा भाऊ, मामा, आजोबा सगळे मिशनवर जाऊन आलेले असतात. त्याला जेवताना गप्पांमध्ये जे आपोआप कळतं, ते आपल्याला कुणीतरी मुद्दाम बसून सांगावं लागतं.

बाहेरचे लोक आपल्याला मॉर्मन म्हणतात. २०१८ पासून मंडळीचा आग्रह पूर्ण नावाचा आहे, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. इथे सोयीसाठी नुसतं 'मंडळी' लिहिते. जगभरात ७० हजारांहून अधिक मिशनरी एका वेळी सेवेत असतात. मुलं २४ महिने, मुली १८ महिने. सगळेच प्रोव्होला जात नाहीत. मनिला, अक्रा, जोहान्सबर्ग, साओ पावलो, मेक्सिको सिटी, इंग्लंडमधलं प्रेस्टन अशी बरीच केंद्रं आहेत आणि तुमचं कोणतं ते पत्रातच लिहिलेलं असतं. मी लिहिते आहे ते सर्वांत मोठ्या केंद्राबद्दल, युटा राज्यातल्या प्रोव्होबद्दल. मनिलाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, थंडीचा भाग तेवढा सोडून द्या.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. जाताना प्रत्येकाला काळजी असते ती पाठांतराची, भाषेची, शास्त्रवचनं आठवतील की नाही याची. ते सगळं जमतं. कस लागतो तो एका अनोळखी माणसाबरोबर दिवसरात्र राहताना आणि त्याच्या जोडीने तिसऱ्या माणसाचं मनापासून ऐकून घेताना. तयारी करायचीच असेल तर त्याची करा.

कागदपत्रं, दात आणि कॉलेज

बोलावणं येण्याआधीच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेतच: ब्रांच प्रेसिडेंट किंवा बिशपबरोबर (मोठ्या स्थानिक गटाच्या प्रमुखाबरोबर) मुलाखत, मग स्टेक प्रेसिडेंटबरोबर (स्टेक म्हणजे अशा अनेक गटांचा समूह; तो नसेल तर मिशन प्रेसिडेंटबरोबर, म्हणजे त्या प्रदेशातल्या मिशनरींच्या प्रमुखाबरोबर), वैद्यकीय तपासणी, दातांची तपासणी, आणि ऑनलाइन अर्ज. २०१८ च्या अखेरपासून पत्रही ऑनलाइनच येतं. पूर्वीसारखी पोस्टमनची वाट बघावी लागत नाही.

दातांचं काम पुढे ढकलू नका. दुखत नाही म्हणून सोडलेली कीड प्रशिक्षणाच्या मध्यावर ठणकायला लागली, तर वर्ग बुडतात आणि अमेरिकेत दातांचा खर्च फार मोठा असतो. अक्कलदाढ, रूट कॅनाल, चष्म्याचा नवा नंबर हे सगळं इथेच उरकून घ्या. चष्मा असेल तर दोन जोड न्या. लसींची नोंद असलेला कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत आहे ना, हे आजच बघा. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांवर सगळं नाव एकाच रकान्यात असतं आणि मग व्हिसाच्या वेळी गोंधळ होतो. शिवाय मिशनरी म्हणून छातीवर लावायच्या तुमच्या काळ्या बिल्ल्यावर फक्त आडनाव येणार आहे. कांबळे असाल तर पुढची दोन वर्षं 'एल्डर कांबळे', गायकवाड असाल तर 'सिस्टर गायकवाड'. घरात पिंटू आणि कॉलेजात पहिल्या नावाने हाक मारून घेतलेल्या पोराला हे पहिले काही दिवस परकं वाटतं. मग सवय होते.

कॉलेज मध्येच थांबवून जाणार असाल, तर कार्यालयात जाऊन नियम लेखी विचारून घ्या. परत आल्यावर प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट मागतात. मिशन संपल्यावर मिळणारं पत्र तेव्हा कामी येतं, ते जपून ठेवा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तोही, सगळं स्कॅन करून आईवडिलांकडे ठेवून जा. दोन वर्षांनी नेमकी कोणत्या तरी अर्जाची शेवटची तारीख असते आणि घरात कागद सापडत नाही.

नातेवाइकांना काय सांगायचं

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात मंडळीत येणारी पहिलीच पिढी आहे. आई मंडळीत, पण मामा आणि काका नाहीत. आजी रोज देवपूजा करणारी. अशा घरात 'मुलगा दोन वर्षांसाठी कुठे चाललाय' हा प्रश्न येणारच, आणि तो काळजीतून येतो. वाद घालू नका. तीन गोष्टी सरळ सांगा: कधी परत येणार, खर्च कोण करणार, आणि फोन कधी करता येणार. पगार नसतो, उलट घरच्यांनी आपला वाटा उचलायचा असतो, हे कळल्यावर 'पैसे देऊन नेतायत' ही शंका बहुतेकांच्या मनातून जाते. अमेरिकेतली कुटुंबं २०२० च्या जुलैपासून महिन्याला ५०० डॉलर भरतात, त्याआधी ४०० होते. आपल्याकडे तो आकडा लागू नाही. कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे वाटा ठरतो, तो ब्रांच प्रेसिडेंटशी मोकळेपणाने बोलून ठरवा. लाजून जास्त रक्कम कबूल करू नका.

'हे आत्ताच कुठून निघालं' असं कुणी म्हणालं, तर सांगायला एक जुनी गोष्ट आहे. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले होते आणि पुढे पुण्यात त्यांच्या प्रयत्नांतून सभासदांची एक छोटी ब्रांचही उभी राहिली होती. ती टिकली नाही. आजचं बेंगळुरू मिशन (इथे मिशन म्हणजे सेवेचा प्रदेश) १९९३ चं आणि नवी दिल्लीचं २००७ चं. पण मंडळीचं नाव महाराष्ट्रात पहिल्यांदा ऐकलं गेलं त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली.

बॅग

पत्राबरोबर कपड्यांची यादी येते, ती तुमच्या मिशनप्रमाणे असते. तीच पाळा. सोशल मीडियावर दुसऱ्याने काय नेलं ते बघून खरेदी करू नका. मी फक्त यादीत नसलेलं सांगते.

प्रोव्हो समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वरच. पण तिथली हवा कोरडी ठणठणीत. कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाचे ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, पहिल्या आठवड्यात सकाळी नाकातून थोडं रक्तही येऊ शकतं. घाबरायचं कारण नाही. व्हॅसलीन जवळ ठेवा, पाणी तहान लागायच्या आधी प्या. खोबरेल तेल नेलंत तर थंडीत ते दगडासारखं गोठतं, म्हणून तोंड मोठं असलेल्या डबीत न्या. नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर आतून घालायचे गरम कपडे दोन जोड हवेतच. बर्फावर घसरणार नाहीत असे बूट तिथे जाऊन घेतलेले बरे.

वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या. फोनचा चार्जर चालतो, फक्त अडॅप्टर लागतो. इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र इथून नेऊ नका.

लोणचं, चटणी, मसाले न्यायचे असतील तर बंद पाकिटातले न्या आणि विमानतळावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर खायचे पदार्थ आहेत असं प्रामाणिकपणे लिहा. मांसाचं काहीही नको.

आणि घरच्यांचा एक कागदी फोटो. फोनमधला वेगळा.

घरातला आठवडा

२०२० मध्ये साथीमुळे सगळं प्रशिक्षण ऑनलाइन झालं. नंतर केंद्रं उघडली, तरी सुरुवातीचा भाग घरूनच करायची पद्धत राहिली. साधारण आठवडाभर व्हिडिओवर वर्ग होतात, कंपेनियन, म्हणजे मिशनमधला जोडीदार, तोही तिथेच पहिल्यांदा पडद्यावर भेटतो. स्टेक प्रेसिडेंट किंवा मिशन प्रेसिडेंट डोक्यावर हात ठेवून तुम्हाला सेवेसाठी नेमून देतात. त्या क्षणापासून तुम्ही मिशनरी आहात आणि मिशनरींचे सगळे नियम लागू होतात, जरी तुम्ही अजून घरातच, आईच्या हातचंच जेवत असलात तरी.

हा आठवडा बऱ्याच जणांना केंद्रापेक्षा जड जातो. दोन खोल्यांच्या घरात वर्गाच्या वेळी मिक्सर सुरू होतो, शेजारच्या काकू निरोप घ्यायला येतात, धाकटा भाऊ मॅच लावतो. आधीच घरात बसून बोला. वर्गाच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा, निरोपाच्या भेटी नेमणुकीच्या आधी उरकून घ्या. घरात जागा नसेल तर ब्रांचच्या इमारतीतली एखादी खोली मिळते का विचारा. माइक असलेला चांगला हेडफोन हा या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा खर्च. आणि बिल्ला लावून, पूर्ण कपडे करून बसा. वर पांढरा शर्ट आणि खाली पायजमा असं करू नका. पडद्यावर कुणाला दिसत नसलं तरी तुमच्या पाठीच्या कण्याला कळतं.

पहिला दिवस

प्रोव्होचं केंद्र ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या उत्तरेला लागूनच आहे. १९७६ मध्ये ते भाषा शिकवण्यासाठी सुरू झालं, १९७८ पासून सगळ्याच मिशनरींसाठी. २०१७ मध्ये दोन मोठ्या नव्या इमारती झाल्या. मागे डोंगर, त्यावर पांढऱ्या रंगातलं प्रचंड इंग्रजी 'वाय' अक्षर. रस्ता चुकलात तर त्याच्याकडे बघून दिशा लागते.

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून केंद्र साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. अमेरिकन मुलांना आईवडील गाडीने सोडतात, रस्त्याच्या कडेलाच मिठी मारून निरोप घेतात आणि गाडी पुढे जाते. तुम्ही एकटे उतराल. ते बघताना पोटात कालवेल, हे आधीच माहीत असलेलं बरं. लगेच एखादा आधीपासून तिथे असलेला मिशनरी पुढे येतो, बॅग उचलतो आणि बिल्ला, पुस्तकं, खोलीची किल्ली या सगळ्या टप्प्यांतून तुम्हाला नेतो. नव्यांच्या बिल्ल्यावर नारिंगी टिकली चिकटवायची पद्धत चालत आलेली आहे, म्हणजे बाकीच्यांना कळतं की याला वाट दाखवायची आहे. ती मिळाली तर दिवसभर काढू नका. तिच्यामुळे शंभर अनोळखी लोक हसून स्वागत करतात आणि त्या दिवशी त्याची गरज असते.

भाषा शिकणाऱ्यांच्या वर्गात शिक्षक पहिल्या मिनिटापासून त्याच भाषेत बोलू लागतात. काही कळणार नाही. कळावं अशी अपेक्षाही नसते. भारतातून गेलेल्याला वर झोप अनावर झालेली असते, कारण अंगातलं घड्याळ साडेअकरा-साडेबारा तास पुढे असतं. उभं राहायची परवानगी मागा, पाणी प्या, दिवसा झोपू नका. रात्री साडेदहाला दिवे जातात आणि सकाळी साडेसहाला उठायचं असतं. चार-पाच दिवसांत शरीर वळणावर येतं.

भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे. आपल्या मिशनवर बोट ठेवून फोटो काढायची तिथली जुनी रीत आहे. काढा आणि आईला पाठवा. त्या फोटोची ती वाट बघत असते.

कंपेनियन

आता मुख्य भाग.

कंपेनियन तुम्ही निवडत नाही. तुम्ही दोघं, कधी तिघं, एकमेकांना दिसाल आणि ऐकू याल इतक्या अंतरात कायम राहायचं, बाथरूम तेवढी वगळून. वर्ग, जेवण, व्यायाम, कपडे धुणं, प्रार्थना, सगळं जोडीने. अशा चार-पाच-सहा जोड्यांचा एक डिस्ट्रिक्ट, तोच तुमचा वर्ग. डिस्ट्रिक्टांचे मिळून झोन. रविवारची सभा केंद्रातल्याच ब्रांचमध्ये आणि तिथले ब्रांच प्रेसिडेंट हे तुमचे पालक समजा.

२०१२ मध्ये वयाची अट खाली आली, मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९; २०२५ मध्ये मुलींसाठीही ती १८ झाली. तेव्हापासून इथे येणाऱ्यांत नुकतंच बारावीएवढं शिक्षण संपवलेली पोरं पुष्कळ असतात. तुमचा कंपेनियनही आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याने भारतीय माणूस जवळून पाहिलेला नसेल, तुम्ही आयडाहोतला बटाट्याच्या शेतावर वाढलेला मुलगा पाहिलेला नसेल. दोघंही घाबरलेले आणि दोघंही ते लपवत असतात.

पहिल्याच रात्री, झोपण्याआधी, त्याला काही प्रश्न विचारा. झोप गाढ लागते की आवाजाने जाग येते? राग आला की बोलतोस की गप्प होतोस? घरी कोण कोण आहे? कोणत्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते? आणि स्वतःची उत्तरंही द्या. हे दहा मिनिटांचं बोलणं पुढचे कित्येक दिवस सोपे करतं.

आपली मराठी घरांतली एक सवय इथे आड येते. मनाविरुद्ध काही झालं की आपण 'चालेल' म्हणतो, 'असू दे' म्हणतो, आणि आत साठवत राहतो. समोरच्याने आपणहून ओळखावं अशी अपेक्षा असते, कारण घरी आई ओळखत असते. कंपेनियन ओळखणार नाही. तुम्ही 'चालेल' म्हणालात की त्याच्या दृष्टीने विषय संपला. खिडकी उघडी ठेवून झोपणं तुम्हाला सोसत नसेल, तो मोठ्याने पाठांतर करतो तेव्हा तुमचं लक्ष लागत नसेल, तर पहिल्याच दिवशी, साध्या आवाजात, हसतमुखाने सांगा. तिसऱ्या आठवड्यात सांगाल तेव्हा आवाज साधा राहिलेला नसेल.

याचसाठी दर आठवड्याला 'कंपेनियनशिप इन्व्हेंटरी' नावाचं बसणं असतं. दोघांनी समोरासमोर बसायचं, आधी एकमेकांच्या चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग नातं सुधारायला काय करता येईल ते बोलायचं आणि प्रार्थनेने संपवायचं. बऱ्याच जोड्या हे पाच मिनिटांत 'सगळं ठीक आहे' म्हणून उरकतात. माझं ठाम मत आहे की संपूर्ण प्रशिक्षणात याहून मोलाचा तास नाही. एक छोटी का होईना, खरी गोष्ट बोलल्याशिवाय उठू नका.

काही गोष्टी मात्र जोडीत दाबून ठेवायच्या नाहीत. कंपेनियन रात्ररात्र झोपत नाही, खाणं टाकलंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतो, तर 'कुणाला सांगू नको' असं त्याने म्हटलं तरी ब्रांच प्रेसिडेंटना त्याच दिवशी सांगा. केंद्रात दवाखाना आहे, समुपदेशकही आहेत. आणि तुम्हाला कुणी मारलं, धमकावलं, नको तसा स्पर्श केला, तर तेही लगेच. मिशनरी म्हणून सोसण्याची ही गोष्ट नव्हे.

वर्गात आणि शिकवताना

दिवसाचे मोठे तुकडे वर्गात जातात, मध्ये स्वतःचा अभ्यास, जोडीचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. शिक्षक बहुतेक पंचविशीच्या आतले, स्वतः मिशन करून आलेले, शेजारच्या विद्यापीठात शिकणारे. मुख्य पुस्तक 'प्रीच माय गॉस्पेल'. २००४ मध्ये ते आलं, २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. नवीच आवृत्ती वापरा, ब्रांचमधल्या दादाने दिलेली जुनी प्रत प्रेमाने घरी ठेवा. त्यातला तिसरा अध्याय, म्हणजे शिकवायचे धडे, निघण्याआधी इंग्रजीत आणि मग स्वतःच्या शब्दांत मराठीत आईला समजावून सांगा. ज्या आजीने मंडळीचं नावही ऐकलेलं नाही तिला समजेल असं सांगता आलं, तर तुम्हाला तो धडा येतो.

पहिल्याच आठवड्यात तुम्हाला शिकवायला लावतात. समोर शिक्षक किंवा एखादे स्वयंसेवक बसतात आणि मिशनमध्ये भेटू शकेल अशा माणसाची भूमिका घेतात. दुसरी भाषा शिकणारेही काही दिवसांतच मोडक्यातोडक्या वाक्यांत पहिला धडा देतात. इथे होतं काय, की दोघं रात्री जागून धडा पाठ करतात आणि समोरच्यावर ओततात. समजा समोरचा माणूस बोलता बोलता म्हणाला की त्याची आई दवाखान्यात आहे. तुमच्या धड्यात पुढचा मुद्दा १८२० सालचा, मंडळीचा संस्थापक जोसेफ स्मिथ प्रार्थनेसाठी रानात गेला तो आहे. कंपेनियन तोच मुद्दा सुरू करतो. अशा वेळी धडा खाली ठेवा. आईला काय झालंय ते विचारा. उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मग प्रार्थनेबद्दल बोलावंसं वाटलं तर बोला, आणि तेव्हा ते जोसेफ स्मिथचं रानातलं प्रार्थना करणं तुमच्याकडून आपोआप, योग्य जागी येईल.

जोडीने शिकवणं ही वेगळी कला आहे. एक बोलत असताना दुसऱ्याने पुढचं वाक्य मनात जुळवायचं नसतं. त्याने समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो. आधीच ठरवा: तू डोळ्यांकडे बघितलंस की मी थांबतो. शिकवून झालं की आधी 'त्याला काय हवं होतं' हे बोला, आपण काय विसरलो ते नंतर.

भाषेबद्दल. केंद्रात पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. इंग्रजीतच सेवा असेल तर मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, स्पॅनिशसारख्या भाषेला सहाच्या आसपास, चिनी किंवा जपानीला नऊपर्यंत. आपली भाषा सोडून ठरलेल्या भाषेतच बोलायचं, याला तिथे 'एसवायएल' (स्पीक युअर लँग्वेज) म्हणतात. नियम म्हणून घेतलात तर दिवसभर मुकं व्हायला होतं. त्यापेक्षा ठिकाणं ठरवा: जेवणघरात फक्त तीच भाषा, जिन्यावर फक्त तीच भाषा. प्रार्थना पहिल्या दिवसापासून त्या भाषेत करा, चार वाक्यांची का होईना.

हिंदी मिळालेल्या मराठी मुलांना वाटतं की आपलं निम्मं काम झालंय. सिनेमाची आणि बाजारातली हिंदी येते, पण पश्चात्ताप, प्रायश्चित्त, पवित्र आत्मा हे शब्द घेऊन एखाद्या वयस्क माणसाशी आदराने दहा मिनिटं बोलणं वेगळं. 'तू काय करते' असली आपली मिसळलेली हिंदी लखनौच्या घरात चालत नाही. अमेरिकन कंपेनियन शून्यापासून शिकतो आणि महिन्याभरात व्याकरणात तुमच्या पुढे जातो. त्याच्याशी स्पर्धा करू नका. तुम्ही त्याचा कान व्हा, त्याला तुमचं व्याकरण तपासू द्या.

मंगळवारी संध्याकाळी मोठी सभा असते, तिथे बरेचदा मंडळीच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ नेत्यांपैकी, कुणीतरी येऊन बोलतात. गाता येत असो वा नसो, गायनवृंदात जा. हजारो तरुण आवाज एकत्र लागतात तेव्हा आपण एकटे आलो नाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जेवण, चहा, उपवास

जेवणघर मोठं आहे आणि हवं तेवढं वाढून घेता येतं. वजन वाढतं, जपा. शाकाहारी असाल तर पोट भरेल, पण चव लागणार नाही. सॅलड, पाव, चीज, भात, फळं यांवर दिवस काढायचे. अंडं चालतं का हे आधी स्वतःशी ठरवा आणि दवाखान्याच्या फॉर्मवर लिहा.

चहा-कॉफी मंडळीत वर्ज्यच आहे आणि तुम्ही ती सोडलेलीच असेल. तरी खरी परीक्षा पुढे, भारतात सेवा मिळाली तर, दारात पाऊल टाकताच 'चहा घेणार ना' म्हणणाऱ्या घरात असते. नुसतं 'नको' म्हटलं तर घरातली बाई दुखावते. 'पाणी द्याल का, तुमच्या हातचं' असं म्हणा, किंवा सरबत मागा. केंद्रात भूमिका करून शिकवता तेव्हा हा प्रसंगही मुद्दाम करून बघा. अमेरिकन कंपेनियनला तो तुमच्याशिवाय कुणी शिकवू शकणार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. साबुदाण्याची खिचडी आणि रताळी त्यात येत नाहीत. साधारण २४ तास, दोन वेळचं अन्न आणि पाणीही नाही. कोरड्या हवेत डोकं दुखतं, म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या. तब्येतीची अडचण असेल तर उपवास सोडायला पूर्ण मोकळीक आहे.

घरची आठवण आणि फोन

आठवण येते, आणि बहुतेकांना पहिल्या रविवारी येते, कारण त्या दिवशी वर्गाची धावपळ नसते. रडू आलं तर रडा. मग कंपेनियनला घेऊन बाहेर चाला.

एके काळी मिशनरींना वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी म्हणजे पी-डेला, फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. वेळ जमवायची तर लक्षात ठेवा: हिवाळ्यात प्रोव्होत सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. वेळ आधी ठरवा आणि कॉल उगाच लांबवू नका. लांबला की कपडे धुणं, पत्रं लिहिणं आणि जरा आडवं होणं सगळं राहतं, आणि तो दिवस त्यासाठीच असतो.

आईवडिलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एक विनंती. 'तुझ्याविना घर खायला उठतं' हे प्रत्येक कॉलमध्ये सांगू नका. आणि गंभीर आजारपण, मृत्यू हे लपवूही नका. ते आधी मिशन प्रेसिडेंटना कळवा, म्हणजे मुलाला कळेल तेव्हा त्याच्याजवळ कुणीतरी असेल.

कुणाला हे झेपत नाही आणि तो मध्येच परत येतो. आजारपणाने, मनाच्या त्रासाने, कधी घरच्या कारणाने. ब्रांचमध्ये त्याच्याकडे बोट दाखवलं जातं, ते थांबायला हवं. तो जेवढे दिवस गेला तेवढे दिवस त्याने मनापासून दिलेले आहेत. त्याला पुढच्याच रविवारी जेवायला बोलवा.

निघण्याचा आठवडा

विमानाची तिकिटं आणि प्रवासाचा कागद निघण्याच्या काही दिवस आधी मिळतो. बॅग तेव्हाच तोलून बघा. केंद्रात पुस्तकं आणि भेटवस्तू जमतात, वजन हमखास वाढतं. जे लागणार नाही ते मागे येणाऱ्याला देऊन टाका. व्हिसा वेळेत आला नाही तर थोड्या काळासाठी दुसऱ्या मिशनमध्ये पाठवतात. त्यात कमीपणा काही नाही, तिथेही शिकवायचंच असतं.

पहाटेच निघावं लागतं, म्हणून कंपेनियनशी शेवटचं बोलणं आदल्या रात्रीच करून घ्या. घरचा पत्ता आणि ईमेल लिहून घ्या. विमानतळावरून घरी फोन करता येतो का ते प्रवासाच्या कागदावर बघा, आणि करता येत असेल तर भारतात तेव्हा किती वाजलेत याचा विचार न करता करा. घरातलं कुणी झोपलेलं नसतं.

मिशनमध्ये उतरल्यावर पहिले १२ आठवडे तुम्ही एका अनुभवी मिशनरीच्या, ट्रेनरच्या हाताखाली असाल. केंद्रातला कंपेनियन तुमच्याएवढाच नवखा होता, ट्रेनरला मात्र बसच्या वेळा, गल्ल्या, लोकांची नावं सगळं पाठ असतं आणि त्यामुळे तुम्ही मागे मागे चालत राहता. असं करू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक भेटीत एक वाक्य तरी तुम्ही बोलायचं हे त्याच्याशी ठरवून घ्या. आणि पहिल्या रात्री, दिवे जाण्याआधी, त्यालाही विचारा: झोप गाढ लागते का, राग आला की काय करतोस, घरी कोण कोण आहे.